धागा: ब्राऊन राइसला मोड आणताना किती तास, किती ऊब, आणि पोषणात नेमका काय फरक पडतो?

कर्वेरोडकर
मटकीचे मोड सगळ्यांना येतात, तांदळाच्या मोडांबद्दल मात्र जो तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं आठ तास भिजवा, कुणी दोन दिवस. कुणी कोमट पाणी, कुणी फ्रिज. पाणी फेकावं की त्यातच शिजवावं यावरही एकमत नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत: १) मोड खात्रीने येण्यासाठी तांदूळ कोणता घ्यावा, २) तापमान आणि वेळ यांचा पोषणाशी काय संबंध, ३) पुण्याच्या हवेत हे घरी कसं जमवायचं. "नैसर्गिक आहे म्हणजे चांगलंच" छापाचे प्रतिसाद नकोत, कृपया.

वाचनमात्र
वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

पेठेतला_पुणेकर
तांदळाला मोड? उद्या पोह्यांना पालवी फुटवा म्हणाल.

मावळी_साळ
पुणेकर, पॉलिशच्या तांदळाला फुटणार नाहीत, कारण गिरणीत कोंड्याबरोबर अंकुरही निघून जातो. दाण्याच्या एका टोकाला तिरपी खाच दिसते ना, तिथेच तो असतो. ब्राऊन राइसमध्ये फक्त तूस काढलेलं असतं, अंकुर जागेवर असतो. निदान असायला हवा.

प्रश्न १ चं उत्तर इथूनच सुरू होतं. तूस कशावर काढलं ते विचारा. रबर रोल शेलरमध्ये दोन रबरी रोल वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि तूस सोलून निघतं, दाणा फारसा खरवडला जात नाही. जुन्या हलरमध्ये तूस काढणं आणि घासणं एकदमच होतं. त्यात अंकुर तुटतो, कोंडाही अर्धामुर्धा जातो. तो तांदूळ दिसतो तपकिरी, पण मोड आले तर दहातल्या तीन-चार दाण्यांना. मावळ-मुळशीकडच्या गिरणीत "पॉलिश नको, फक्त तूस काढा" एवढं सांगून भागत नाही. यंत्र कोणतं आहे ते डोळ्यांनी बघा.

उकडा तांदूळ घेऊ नका. तो तुसासकट वाफवलेला असतो, अंकुर मेलेला असतो. लाल उकड्या तांदळाला मोड येत नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच.

अन्नरसायन
मावळी_साळ यांच्याशी सहमत. त्यात आणखी एक: जास्त टिकावा म्हणून काही पॅकबंद ब्राऊन राइसला उष्णता दिलेली असते. कोंड्यातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) तेलाचं विघटन करतं आणि तांदूळ खवट होतो, ते थांबवायला. उष्णतेने लायपेज मरतं, अंकुरही मरतो. पिशवीवर हे लिहिलेलं नसतं, त्यामुळे चाचणी करणं बरं. १०० दाणे मोजून ओल्या टिपकागदावर ठेवायचे, वर झाकण. उबदार जागी ४८ तासांत ८५च्या वर दाणे फुटले तर तांदूळ कामाचा. ६०च्या खाली असेल तर त्याचा साधा भात करा. मेलेले दाणे ओल्या उबेत नुसते कुजतात आणि शेजारच्या जिवंत दाण्यांनाही वास लावतात.

मुळशीकर
नव्या भाताबद्दल पण लिहा. (आमच्याकडे भात म्हणजे शेतातला, ताटातला नव्हे.) काढणी झाल्या झाल्या काही जातींचं बी झोपेत असतं, लगेच उगवत नाही. दिवाळीत झोडपलेलं भात संक्रांतीनंतर सोलून आणा, मोड एकसारखे येतील. उलट वर्षभर जुना ब्राऊन राइस घेतला तर उगवण घसरलेली असते, वासही जुनाट येतो. तुसात ठेवलेलं भात मात्र जास्त टिकतं. जमत असेल तर भातच साठवा आणि महिन्यापुरतं सोलून आणा.

आणि हात जोडून एक विनंती: पेरणीचं पाकीटबंद बी आणून सोलू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

शंकासुर
मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे दाणे काढायचे अशीही एक पद्धत आहे ना? ती इथे चालेल?

मुळशीकर
ती पेरणीच्या बियाण्यासाठी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, पोचट भात वर येतं ते काढून टाकायचं. तूस काढल्यावर पोचट दाणा उरतच नाही, सगळे बुडतात. बुडालेला दाणा जिवंत आहे की मेलेला, ते मीठ सांगत नाही.

अन्नरसायन
आता प्रश्न २. थोडं लांबेल.

दाण्यात पाणी शिरलं की अंकुर जागा होतो आणि विकरं कामाला लागतात. प्रथिनं थोडी फुटून ग्लुटामिक आम्ल सुटं होतं. ग्लुटामेट डीकार्बॉक्सिलेज नावाचं विकर त्याचं गॅमा अमिनोब्युटिरिक आम्ल करतं, यालाच गाबा म्हणतात; आपल्या मेंदूत हेच रसायन चेतापेशींना शांत करतं. मोडाच्या तांदळाचा जो बोलबाला आहे तो मुख्यतः याच्यामुळे. जपानी संशोधकांनी १९९४ साली दाखवलं की तांदळाचा अंकुर ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात भिजवला की त्यात गाबा साठतं. पुढच्या काही वर्षांत तिथे मोडाचा तांदूळ पाकिटातून विकायलाही आला.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, हे बहुतेक अंकुरात घडतं आणि अंकुर वजनाने दाण्याच्या दोन-तीन टक्केच असतो. म्हणजे अंकुर तुटलेल्या तांदळाला कितीही लाड करून भिजवा, गाबा वाढणार नाही.

दुसरी, या विकराला किंचित आंबट परिस्थिती आवडते, पीएच साडेपाच ते सहाच्या दरम्यान. बी-६ जीवनसत्त्वाचं एक रूप त्याला जोडीदार म्हणून लागतं, ते दाण्यात असतंच.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पूर्ण वेळ पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ भिजवून मग ओल्या उबदार हवेत ठेवलं तर गाबा जास्त मिळतं. ३५ अंशांना ३ तास भिजवून पुढचे २१ तास दमट हवेत, विरुद्ध सलग २४ तास पाण्यात, अशी तुलना झालेली आहे. पहिल्या पद्धतीत गाबा दुपटीहून जास्त आलं. पाण्यात ठेवलं की गाबा विरघळून बाहेर पडतं आणि आपण ते पाणी मोरीत ओततो.

पेठेतला_पुणेकर
गाबा म्हणजे ते ब्रिस्बेनचं मैदान ना? जानेवारी २०२१ मध्ये जिंकलो होतो तिथे. तांदूळ भिजवायची गरज पडली नव्हती.

शिट्टी_तीन
पुणेकर =))

अन्नरसायन, मग ४० अंशच का ठेवू नये? गाबा जास्त येत असेल तर.

अन्नरसायन
प्रयोगशाळेत चालतं, तिथे निर्जंतुक पाणी आणि नियंत्रित पेटी असते. घरात ३८-४० अंशांना अंकुरापेक्षा जिवाणूच जोरात वाढतात. १० तासांत पाण्यावर फेस, मग आंबूस वास, मग बुळबुळीतपणा. ४५च्या वर गेलात तर अंकुरच दगावतो. घरगुती कामासाठी ३० ते ३५ ठेवा. २० अंशांनाही मोड येतील, पण दुप्पट वेळ लागेल आणि एकसारखे येणार नाहीत.

कोथरूडची_मावशी
मला वासाबद्दल बोलायचं आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर "कुणाच्या घरातून वास येतोय" असा निरोप पडला की समजायचं, पाणी बदलायची वेळ टळून गेली.

चांगल्या मोडांना ओल्या पेंढ्यासारखा, किंचित गोडसर वास येतो. आंबट किंवा दारूसारखा वास आला आणि बोटांना तार लागली तर सगळं टाकून द्या. धुवून, नीट शिजवून चालेल असं मनाचं समाधान करून घेऊ नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू जवळपास नेहमीचाच. त्याचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि उलट्या करवणारं त्याचं विष उकळूनही जात नाही. कच्चे मोड कोशिंबिरीत घालायचा विचारही नको.

भोरची_रोवळी
प्रश्न ३ साठी पद्धत देते. अर्धा किलोचं माप धरा.

तांदूळ दोन पाण्यांतून हलक्या हाताने धुवा. चोळू नका, अंकुर निघतात. मग तिप्पट कोमट पाण्यात भिजवा, हाताला जेमतेम ऊब लागेल इतपत. उन्हाळ्यात ४-५ तास, थंडीत ७-८. भिजलं की नाही हे घड्याळापेक्षा वजनकाट्यावर कळतं: कोरडा ५०० ग्रॅम तांदूळ नीट निथळल्यावर ६१०-६२० ग्रॅम भरला पाहिजे. काटा नसेल तर एक दाणा नखाने मधोमध मोडा. आत काचेसारखा चमकणारा गाभा दिसला तर अजून तासभर. सगळा दाणा पांढरा, खडूसारखा दिसायला हवा.

हे पाणी फेकायचं. दाणे रोवळीत वीस मिनिटं निथळत ठेवा. मग रोवळीतच दोन बोटं जाडीचा थर करून वर ओला पंचा. पंचा पिळून टाका, पाणी ठिबकता कामा नये. थर जाड झाला तर मधले दाणे स्वतःच्याच उबेने तापतात आणि तिथूनच वास सुरू होतो. दर ५-६ तासांनी साध्या पाण्याचा एक हात फिरवून लगेच निथळा आणि दाणे वरखाली करा. १६ ते २० तासांत टोकाला पांढरा ठिपका दिसतो. तो मोहरीच्या दाण्याच्या निम्म्याएवढा झाला की थांबायचं. मटकीसारख्या लांब शेपटीची वाट बघू नका.

शंकासुर
मोड लांब झाले तर पोषण वाढायला नको का? मध्येच का थांबायचं?

अन्नरसायन
काही गोष्टी वाढतात, काही खर्च होतात. मोड वाढतो तो दाण्यातलाच साठा जाळून. अमायलेज पिष्ट तोडत जातं, भात गोडसर आणि चिकट होतो, शिजताना दाण्याचा आकार राहत नाही. कोंब मोठा झाला की कडवटपणाही येतो. अर्धा ते एक मिलिमीटर हा टप्पा जपानी उत्पादकांनीही धरला आहे, कारण तिथे गाबा बऱ्यापैकी आलेलं असतं आणि भात अजून भातासारखा लागतो.

फायटिक आम्ल (कोंड्यातलं, लोह-जस्त धरून ठेवणारं आणि अंगी लागू न देणारं) हा एकच मुद्दा असा आहे जिथे जास्त वेळ कामाला येतो.

मावळी_साळ
निरीक्षण करण्याजोगी गोष्ट: पाण्यात बुडलेल्या दाण्याला आधी कोंब येतो, मूळ येतच नाही. ओल्या पंच्यात ठेवलेल्याला मूळ आधी दिसतं. प्राणवायू नसतानाही कोंब काढू शकणारं तांदूळ हे विरळा धान्य आहे. चिखलात पेरूनही उगवतं ते त्यामुळेच. तुमच्या रोवळीत काय चाललंय याची ही खूण समजा: नुसते टोकदार कोंब दिसत असतील तर दाण्यांना हवा मिळत नाहीये, तळाशी पाणी साचलंय.

आहारसल्ला
फायटिक आम्लाचा विषय निघालाच आहे तर जरा थंड पाणी ओतते. "मोड आणले की लोह-जस्त पूर्ण मिळतं" हे तांदळाच्या बाबतीत फुगवून सांगितलं जातं. फायटिक आम्ल तोडणारं फायटेज गहू आणि राय यांत भरपूर असतं, तांदळात बेताचं. २०-२४ तासांत घट होते, पण नाट्यमय नाही. शिवाय भिजवण्याच्या पाण्यात थोडं लोह-जस्तही निघून जातं. लोहासाठी जेवताना ताटात लिंबाची फोड ठेवा, ती जास्त उपयोगी.

दुसरं, गाबा. खाल्लेलं गाबा मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही. रक्तदाबावर थोडा परिणाम दिसलेले अभ्यास आहेत, पण औषध बंद करण्याइतका नाही. "झोप येते, चिंता जाते" हे पाकिटावर ठीक.

मोडाच्या तांदळाचा खरा फायदा साधा आहे. पांढऱ्याऐवजी कोंड्यासकट तांदूळ पोटात जातो आणि तो मऊ झाल्याने घरातले लोक कुरकुर न करता खातात. बी-१च घ्या: १०० ग्रॅम ब्राऊन राइसमध्ये साधारण ०.४ मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्यात त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास.

शिट्टी_तीन
आहारसल्ला, मधुमेहींनी दुप्पट खाल्ला तर चालतो असं ऐकलंय.

आहारसल्ला
नाही. कोरड्या १०० ग्रॅममागे ७०-७५ ग्रॅम कर्बोदकं असतात, एक मिलिमीटर मोडाने ती कमी होत नाहीत. साखर थोडी सावकाश चढू शकते, तीही जातीवर अवलंबून. वाटी तीच ठेवा, उसळ वाढवा.

कर्वेरोडकर
उत्तम चाललंय. जातीवरून आठवलं, इंद्रायणी चालेल की कोलम?

मावळी_साळ
इंद्रायणी इथे ताजा मिळतो हा त्याचा मोठा गुण. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेली जात, आंबेमोहोराची लेक. मोड चांगले येतात, पण मुळात चिकट असल्याने मोडांनंतर भात आणखी आसट होतो. मोकळा हवा असेल तर कोलम. आंबेमोहोराचा वास उबेत बराच उडून जातो, त्याला मोड आणणं हा मला अन्याय वाटतो. तो सरळ शिजवा आणि वर तूप घाला.

पेठेतला_पुणेकर
शेवटच्या वाक्यासाठी +१. धाग्यातला पहिला शास्त्रीय प्रतिसाद.

शंकासुर
अवांतर: अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवतात, तेही मोडच म्हणायचे का?

कोथरूडची_मावशी
नाही रे बाबा. ते पॉलिशचे तांदूळ, अंकुर नाही. रोज पाणी बदलून तीन दिवस ठेवतात ते हलकं आंबवणं. त्याने दाणा ठिसूळ होतो, पीठ मऊ पडतं आणि गुळात मुरल्यावर जाळी सुटते. मोडाच्या तांदळाचे अनारसे करू नका, तळताना तुपात विरघळतील.

शंकासुर
आभार. दिवाळीचा एक अपघात टळला.

अन्नरसायन
पाणी फेकायचं की नाही, यावर भोरची_रोवळी यांनी नकळत उत्तर दिलंच आहे, कारण तेवढं सांगतो. पहिल्या चार-पाच तासांत गाबा फारसं बनलेलंच नसतं. त्या पाण्यात धूळ, जिवाणू आणि थोडं अार्सेनिक जातं. अार्सेनिक कोंड्यात जास्त असतं, म्हणून ब्राऊन राइसमध्ये पांढऱ्यापेक्षा जास्त. सह्याद्रीतल्या बेसाल्टच्या पट्ट्यात गंगेच्या खोऱ्यासारखा तो प्रश्न नाही, तरी फेकायला काय जातं? गाबा बनतं त्यानंतर, हवेतल्या टप्प्यात. तिथे फक्त पाण्याचा हात फिरतो, त्यामुळे नुकसान थोडं. शिजवताना मात्र पेज काढून टाकू नका, ती प्या. उष्णतेने गाबा फारसं जात नाही, फेकलेल्या पाण्याबरोबर जातं.

शिट्टी_तीन
आणि ते किंचित आंबट पाणी? लिंबू पिळायचं?

अन्नरसायन
खडकवासल्याचं पाणी तसं मऊ. लिटरला अर्धा चमचा लिंबाचा रस पुरतो. बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार लिंबाला दाद देत नाहीत, दुप्पट लागेल. पीएचची कागदी पट्टी औषधी-रसायनांच्या दुकानात मिळते. भाताला आंबट चव आली तर जास्त झालं.

भोरची_रोवळी
पुण्याच्या हवेबद्दल: मार्च ते मे ओट्यावरच ३०-३३ अंश असतात, काही करावं लागत नाही, फक्त पंचा वाळू देऊ नका. पंचा वाळला की वरच्या थराचे मोड करपल्यासारखे तपकिरी होतात. पावसाळ्यात हवा दमट आणि २५च्या आसपास. वेळ चार-सहा तास वाढवा, बुरशीवर लक्ष ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर १०-१२ अंश. तेव्हा थर्माकोलच्या खोक्यात रोवळी, शेजारी गरम पाण्याची बाटली, दर चार तासांनी बाटली बदला. बाटली रोवळीला टेकवू नका. ओव्हनमधला नुसता दिवा लावूनही ऊब येते, पण आधी आत थर्मामीटर ठेवून बघा, काही दिवे ४०च्या वर नेतात.

वाचनमात्र
मौन सोडतो: एकदम जास्त करून वाळवून ठेवता येतात का?

भोरची_रोवळी
येतात. ओले मोड फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. वाळवायचे तर पातळ पसरून सावलीत पंख्याखाली. कडक उन्हात दाण्याला चिरा जातात आणि शिजताना कणी होते. परत काट्यावर ठेवा: ५०० ग्रॅमचे ४९०-५०० झाले की वाळले. ५२०वर डबा भरलात तर आठवड्यात बुरशी. वाळलेलेही महिन्या-दोन महिन्यांत संपवा. कोंड्यातलं तेल मोकळं झालेलं असतं, साध्या ब्राऊन राइसपेक्षा लवकर खवटतं.

मुळशीकर
पिठाचं पण सांगा कुणीतरी. भाकरी होते का?

कोथरूडची_मावशी
भाकरी थापताना चिरते आणि उकड काढली तर हाताला चिकटते, पिष्ट तुटलेलं असतं ना. निम्मं साधं तांदळाचं पीठ घाला. घावन आणि धिरडी मात्र झकास, छान तांबूस रंग येतो. पेज पातळ होते, घट्ट होत नाही म्हणून जास्त पीठ घालू नका असं लोक सांगतात, माझं मत उलट आहे. आजारी माणसाला किंवा लहान मुलाला पातळ पेजेतून जास्त पीठ पोटात घालता येतं हाच तिचा उपयोग. नाचणीच्या सत्त्वाचं तेच गणित.

कर्वेरोडकर
सगळ्यांचे आभार. म्हणजे रबर रोलवर सोललेलं, सहा-आठ महिन्यांच्या आतलं कोलम, १०० दाण्यांची परीक्षा, पाच तास पाणी, अठरा तास पंचा. शेवटचा प्रश्न: कुकरला किती पाणी?

शिट्टी_तीन
अखेर माझ्या खात्यातला प्रश्न. मूळ कोरड्या एका वाटीचे जेवढे ओले मोड झाले त्यांना पावणेदोन वाट्या पाणी. इंद्रायणी असेल तर दीड. वाळवून ठेवलेले असतील तर सव्वादोन आणि अर्धा तास भिजवण. तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून आठ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर दाणे फुटतात.

पेठेतला_पुणेकर
आणि वरण?

शिट्टी_तीन
वरणासाठी वेगळा धागा काढा. तिथे हिंगावरून पन्नास प्रतिसाद होतील.